गाडीचं कोटिंग : बाटलीआधी बादली



हल्ली गटांच्या बैठकीत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. घरात चारचाकी आलेली असते, नवी किंवा जुनी. कुणाची तुळजापूरला भाविकांच्या भाड्यावर फिरते, कुणाची भूमकडून खवा घेऊन बाजाराला जाते. मग कुणीतरी सांगतं, "सिरॅमिक कोटिंग करून घ्या, रंग कायम नवा राहील." दुकानात खर्च दहा हजारांच्या पुढे जातो, म्हणून ताई गटाकडे अंतर्गत कर्ज मागतात. नाहीतर घरातलं पोरगं मोबाईलवरून बाटली मागवतं आणि सुट्टीच्या दिवशी अंगणात कामाला लागतं. पैसे कसेही जाणार असले, तरी हे कोटिंग म्हणजे काय ते आधी समजून घेऊ.

सिरॅमिक म्हटलं की आपल्यापुढे कपबशी येते. पण बाटलीत असतं ते पातळ द्रव. वाळू आणि काच ज्या सिलिकाची, त्याच कुळातले पदार्थ त्यात विरघळवलेले असतात. गाडीवर लावल्यावर त्यातलं द्रावक उडून जातं. उरलेला भाग हवेतल्या ओलाव्याशी मिळून घट्ट होतो आणि रंगाला धरून बसतो. हा थर साधारण १ ते २ मायक्रॉनचा. आपल्या डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज करा.

आपल्या आज्यांना हे काम नवीन वाटलं नसतं. कल्हईवाला पितळेच्या पातेल्याला थेट कथील लावत नव्हता. आधी भांडं घासायचा, तापवायचा, नवसागर टाकायचा, मग कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवायचा. भांडं मळकट राहिलं तर कल्हई धरत नसे. आणि धरलेली कल्हईसुद्धा वापरून झिजायची, पुन्हा करावी लागायची. गाडीच्या कोटिंगचं अगदी तसंच आहे.

याचा फायदा काय? पाणी थेंब होऊन घरंगळतं. धूळ, चिखल, पक्ष्यांची विष्ठा लवकर सुटते. उन्हानं रंग फिका पडणं थोडं लांबतं. आपल्या भागात यातला पहिला फायदा मोठा. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे आपण विसरलेलो नाही. नळी सोडून गाडी धुणं आपल्याला परवडत नाही. धूळ लवकर सुटली तर दोन-तीन बादल्यांत काम भागतं.

आता काय होत नाही तेही ऐका. ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा रंगाचा टवका काढणारच. बाटलीवर "९ एच" लिहिलेलं असतं. तो पेन्सिलीच्या कडकपणाचा आकडा आहे, दगडाचा नाही. आधीचे ओरखडे झाकत नाहीत, उलट चकाकीत जास्त दिसतात. आत धरलेला गंज थांबत नाही. आणि वरचा पारदर्शक थर सोलून रंग खडूसारखा झाला असेल, तर तिथं कोटिंगचा उपयोग नाही, ते रंगाऱ्याचं काम.

आपला मोठा शत्रू बोअरचं पाणी. हंड्याला पांढरा थर चढतो, तोच क्षार गाडीवर थेंब वाळला की डाग होऊन बसतो. कोटिंग असलं तरी बसतो. म्हणून पाणी अंगावर वाळू देऊ नये, लगेच पुसावं. शेवटचा हात पावसाच्या साठवलेल्या किंवा जारच्या पाण्याचा दिला तर उत्तम.

घरी करायचंच असेल तर वेळ नीट निवडा. एप्रिल-मेमध्ये बोनेटवर हात ठेववत नाही, तेव्हा द्रव लावताक्षणी सुकतो आणि पट्टे उठतात. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चांगले. दसऱ्याची गाडीची पूजा, हळद-कुंकू, नारळाचं पाणी सगळं उरकलेलं असतं. जागा सावलीची, वारा-धूळ नसलेली हवी. खळ्याजवळ नको. गाडी नुकतीच रंगवली असेल तर रंगाऱ्याला विचारून किमान महिनाभर थांबा.

आता क्रम.

पहिलं, धुणं. दोन बादल्या घ्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत फडकं खंगाळायला साधं पाणी. कपड्याची पावडर किंवा भांड्याचा साबण नको. वरून खाली या, चाकं वेगळ्या फडक्यानं.

दुसरं, हातानं तपासणं. गाडी कोरडी करून पातळ प्लास्टिकची पिशवी बोटांवर घाला आणि बोनेटवरून हळू फिरवा. खरखर लागली तर डांबर, लोखंडाचे कण रंगात रुतलेले आहेत. ते क्ले बार नावाच्या मऊ मातीसारख्या वडीनं, शाम्पूचं पाणी शिंपडत काढायचे. वडी जमिनीवर पडली तर टाकून द्या, वाळू धरते.

तिसरं, पॉलिश. बारीक ओरखडे इथंच जातात. पण पॉलिश रंगाचा वरचा थर थोडा घासतं, म्हणून कडांवर जोर देऊ नका. जुन्या गाडीचं मशीनचं पॉलिश जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

चौथं, तेलकटपणा काढणं. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पाणी मिसळलेल्या द्रावणानं गाडी पुसायची. पॉलिशचं तेल राहिलं तर कोटिंग धरत नाही.

पाचवं, कोटिंग. फोमच्या ठोकळ्याला कापड गुंडाळून त्यावर थोडे थेंब घ्या. एका वेळी दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग. आधी आडवं, मग उभं फिरवा. बाटलीवर सांगितलेली एक-दोन मिनिटं थांबा. इंद्रधनुष्यासारखी झाक दिसली की स्वच्छ मायक्रोफायबरनं पुसा, मग दुसऱ्या कोरड्या फडक्यानं. वाकून उजेडात बघा. राहिलेला ठिपका तासाभरात कडक होतो, मग पॉलिश करूनच निघतो. एका गाडीला ३० ते ५० मिलिलिटर पुरतं.

त्यानंतर निदान एक दिवस गाडीवर पाण्याचा थेंब नको, आठवडाभर शाम्पूही नको.

जिवाची काळजी यात विसरू नका. या द्रावकाचा वास डोक्यात जातो आणि तो पेट घेतो. दारं बंद करून, चुलीजवळ, बिडी ओढत हे काम करू नये. हातमोजे घाला, वाफ अडवणारा मास्क लावा. साधा कापडी रुमाल वाफ अडवत नाही. गरोदर बाई आणि लेकरं लांब ठेवा. वापरलेली फडकी उघड्यावर पूर्ण वाळवून मग टाका, ती घरात पुसायला घेऊ नका.

आता हिशोब. बाटली एक-दोन हजारांपासून मिळते, पण शाम्पू, क्ले बार, पॉलिश, फडकी, मोजे धरले की खर्च वाढतो. सगळा सामानसुमान धरून बघा. दुकानातल्या कोटिंगसाठी गटातून दहा हजार घेतले आणि व्याज महिन्याला दोन टक्के असेल, तर पहिल्या महिन्याला २०० रुपये नुसतं व्याज. गाडी भाड्यावर असेल आणि चकचकीत दिसल्यानं गिऱ्हाईक मिळत असेल, तर विचार करता येईल. पण विमा संपत आलाय, टायर गुळगुळीत झालेत, ब्रेकचं काम बाकी आहे, अशा वेळी कोटिंगसाठी कर्ज मंजूर करू नये, असं माझं गटांना सांगणं आहे. टायर माणसं वाचवतो, चकाकी नाही.

दुकानात करायचं ठरलं तर तीन गोष्टी विचारा : आधी पॉलिश धरलंय का, हमी कशाची आणि किती दिवसांची, आणि हमीसाठी दर काही महिन्यांनी पैसे भरून धुवायला यावं लागतं का. उत्तर पावतीवर लिहून घ्या. तोंडी हमी गटाच्या वहीत चालत नाही, तशी इथंही चालत नाही.

आणि काहीच करायचं नसेल, तरी दोन बादल्या, मऊ फडकं, सावलीची जागा आणि पाणी लगेच पुसण्याची सवय एवढं आजपासून सुरू करता येतं. कोटिंगसाठी करावी लागणारी निम्मी तयारी त्यातच होते, आणि त्याला कर्ज लागत नाही.

पुढच्या बैठकीत हा विषय निघाला तर आधी गाडीच्या टायरकडे बघा, मग बोनेटकडे.