चक फिरतोय, पण पान उघडत नाही

भोसरी, तळवडे किंवा चाकण एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपची वेबसाइट उघडा. पहिल्याच पानावर बऱ्याचदा एक जीआयएफ दिसतं : सीएनसीचा चक फिरतोय, टूल जॉबला भिडतंय, कूलंटची पांढरी धार उडतेय. कल्पना उत्तम आहे. परचेसवाल्याला मशीनच्या यादीपेक्षा यातून जास्त कळतं. फक्त ते उघडेपर्यंत तो थांबला पाहिजे. ‘आता फाइव्ह-जी आलंय’ असं म्हणणाऱ्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहून आपलीच साइट उघडून बघावी.

‘सहा सेकंदांची तर क्लिप, ती कसली जड?’ हा सगळ्यात मोठा गैरसमज. हिशेब सोपा आहे. ६४० गुणिले ३६० म्हणजे २,३०,४०० ठिपके, आणि जीआयएफमध्ये एका ठिपक्याला जास्तीत जास्त एक बाइट. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर सहा सेकंदांत १५० फ्रेम. म्हणजे दाबून बसवण्याआधी सुमारे साडेचौतीस एमबी. कॉम्प्युसर्व्हने १९८७ मध्ये आणलेला हा प्रकार एका ओळीतले सारखे ठिपके गुंडाळतो आणि मागच्या फ्रेमपेक्षा न बदललेला भाग वगळू शकतो. ‘अमुक वस्तू इथून तिथे सरकली’ एवढंच नोंदवायची सोय त्याच्यात नाही. ती व्हिडिओत असते. त्यामुळे जीआयएफचं वजन निम्मं शूटिंगच्या वेळीच ठरतं. मोबाइल हातात धरला की हात किंचित हलतो आणि जागेवर उभी असलेली मशीनची बॉडीही दर फ्रेमला ‘बदललेली’ ठरते. फोन स्टँडवर घट्ट बसवा. कूलंटचे तुषार तर प्रत्येक फ्रेमला नवे, आणि ते व्हिडिओलाही जड जातात. फक्त टूलची हालचाल दाखवायची असेल तर कूलंट बंद ठेवून ड्राय रन घ्या.

‘फ्रेम कमी केल्या तर मशीन अडखळत चालल्यासारखं दिसेल.’ टरेट किंवा रोबोटच्या हाताबाबत हे थोडंफार खरं आहे; चकबाबत अजिबात नाही. १५०० आरपीएमवरचा चक सेकंदाला २५ फेरे घेतो. म्हणजे २५ फ्रेमच्या क्लिपमध्ये तो दर फ्रेमला बरोबर एक फेरा पुरा करून त्याच जागी येतो आणि जागेवर थांबल्यासारखा दिसतो! तिथे फिरणं मुळात खरं दिसतच नाही. मग सेकंदाला १० फ्रेम ठेवल्या तर काय बिघडलं? सोबत आकार ४८० गुणिले २७० केला, की साडेचौतीसचे पावणेआठ एमबी होतात, तेही दाबण्याआधी.

रंगांचा गोंधळ वेगळाच. २५६ चे १२८ रंग केले की फाइल निम्मी होते, असं ठामपणे सांगणारे भेटतात. प्रत्यक्षात ठिपक्यामागे आठऐवजी सात बिट लागतात, बस. उलट रंग कमी करताना ‘डिदरिंग’, म्हणजे उरलेल्या रंगांचे ठिपके मिसळून मधली छटा भासवणं, चालू राहिलं तर मशीनच्या सपाट करड्या पत्र्यावर बारीक खडी पसरते, सारखे ठिपके उरत नाहीत आणि फाइल फुगू शकते.

वेबपेजवर चित्राची रुंदी कमी दाखवल्याने फाइल हलकी होत नाही. येते ती पूर्णच. झिप करूनही जवळपास काही हाती लागत नाही, कारण जीआयएफ आधीच दाबलेलं असतं.

आणि ‘हलतं चित्र म्हणजे जीआयएफच’ हा हट्ट सोडा. व्हॉट्सअॅपवर आपण जीआयएफ म्हणून पाठवतो तेसुद्धा आत एमपी-फोर व्हिडिओच असतं. तीच क्लिप एमपी-फोरमध्ये बहुतेक वेळा कित्येक पटींनी हलकी होते. वेबसाइटवाल्याला ‘म्यूटेड, ऑटोप्ले, लूप, प्लेजइनलाइन’ एवढे चार शब्द सांगा. पाहणाऱ्याला फरक कळणार नाही. ई-मेलमध्ये मात्र जीआयएफच बरं, कारण तिथे व्हिडिओ सहसा चालत नाही. विंडोजवरच्या जुन्या आउटलुकमध्ये फक्त पहिली फ्रेम दिसते, म्हणून तीत बंद दरवाजा नको, तयार जॉब दिसू द्या.

मोबाइलमधला मूळ व्हिडिओ मात्र डिलीट करू नका. जीआयएफ करताना गेलेले रंग पुन्हा एमपी-फोर केल्याने परत येत नाहीत. नवी फाइल दर वेळी मूळ शूटिंगवरूनच करा.