आधी फिरकी, मग जोर

अल्टिमेट फ्रिस्बीच्या संघाचा सराव बहुधा एकाच तऱ्हेने सुरू होतो. समोरासमोर दोन रांगा करायच्या आणि डिस्क इकडून तिकडे टाकत राहायची. तेव्हा सगळं छान जमतं, पण सामन्यात तेच हात चुकायला लागतात. सामन्यात समोर कोणीतरी हात पसरून उभं असतं आणि झेलणारा पळत असतो. सराव तिथपर्यंत न्यायचा, पण पायरीपायरीने.

पहिली पायरी दहा पावलांच्या अंतराची. डिस्क सामन्याचीच, म्हणजे 175 ग्रॅमची घ्यावी. हलकी खेळण्यातली चकती वाऱ्यात भरकटते. छातीपुढून आडवा हात नेऊन टाकायची ती बॅकहँड. ती बहुतेकांना येते.

अडतं ते फोरहँडला, म्हणजे अंगाच्या बाजूने टाकायच्या फेकीला. हिलाच फ्लिकही म्हणतात. तर्जनी आणि मधलं बोट कडेच्या आतून दाबून धरायचं, अंगठा वर, कोपर कमरेजवळ. ओला टॉवेल झटकावा तसं फक्त मनगट झटकायचं. डिस्क हवेत स्थिर राहते ती स्वतःभोवती फिरते म्हणून. फिरकी कमी पडली की ती लटपटते. नवखा खेळाडू लटपट पाहून आणखी जोर लावतो आणि डिस्क आणखीच लटपटते. जोडीदाराला जवळ बोलवावं, अंतर निम्मं करावं, खांद्याला सुट्टी द्यावी. सोडताना तळवा आभाळाकडे आहे ना, तेही पाहावं. तो पालथा पडला की डिस्क उलटून जमिनीत घुसते.

झेल दोन्ही तळव्यांत, एक वर आणि एक खाली, दाबून घ्यावा. डिस्क जमिनीला लागली की ती प्रतिस्पर्ध्याची, त्यामुळे एका हाताची ऐट सरावातही नको.

पुढची पायरी पायांची. डिस्क हातात असताना पळता येत नाही; एक पाय रोवून दुसऱ्याने फिरायचं असतं. रोवलेल्या पायाला पिव्हट म्हणतात. उजव्या हाताने फेकणाऱ्याने डावा पाय रोवावा आणि दोन्ही फेकींना उजवाच पाय बाहेर टाकावा. रांगेत उभं राहून टाकताना पाय सोयीप्रमाणे हलतात, कोणी टोकत नाही, आणि सामन्यात ‘ट्रॅव्हल’ अशी हाक ऐकू येते. म्हणून एक बॅकहँडची हूल, लगेच फोरहँड, मग उलट, असं जोडीने करावं.

आता तिघांचा सराव. माझ्या मते वेळ कमी असेल तर बाकी सगळं आखडावं, हे नाही. एक फेकणारा, दहा-बारा मीटरवर झेलणारा, आणि फेकणाऱ्यापुढे मार्कर, म्हणजे अडवणारा. मार्कर साधारण सेकंदाला एक असा आकडा मोठ्याने मोजतो. दहा म्हणायला सुरुवात होण्याआधी डिस्क हातातून सुटली पाहिजे. मार्करला चुकवून फेक झाली की फेकणारा धावत जाऊन झेलणाऱ्याला अडवतो. आधीचा मार्कर जागेवरच थांबून आता झेलणारा होतो. थांबायला कोणाला फुरसत मिळत नाही.

इथली नेहमीची चूक म्हणजे मार्करच्या डोक्यावरून टाकणं. डिस्क वर तरंगते आणि सामन्यात मागचा बचावपटू ती आरामात उचलतो. त्यापेक्षा हूल द्यावी, मार्करचा हात हलला की पाय लांब टाकून गुडघ्याच्या उंचीवरून डिस्क सोडावी. मार्करही फार चिकटतात. दोघांमध्ये किमान एका डिस्कच्या रुंदीची मोकळी जागा हवी. या खेळात साधारणपणे पंच नसतो, खेळाडूच फाउल पुकारतात. हाताला हात लागला तर सरावातही संकोच न करता तसं सांगावं.

यानंतर पळत्या माणसाकडे फेक. झेलणाऱ्याने मैदानातून सरळ यायचं, एकदम वळायचं, आणि आपण त्याच्या अंगावर नाही तर पुढच्या मोकळ्या जागेत टाकायचं. चुका दोन्हीकडून होतात: फेकणारा उशिरा सोडतो, झेलणारा डिस्क येईपर्यंत थांबतो. दुसरी जास्त महागात पडते, कारण थांबलेल्याच्या पुढून बचावपटू शिरतो.

वारा असेल त्या दिवशी सराव रद्द करू नये. समोरच्या वाऱ्यात डिस्क वर उचलली जाते, पाठीमागच्या वाऱ्यात खाली बसते. दोन्ही बाजूंनी टाकून बघावं. आणि हॅमर, ती डोक्यावरून उलटी टाकायची देखणी फेक, सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात हवी असते. फ्लिक वाऱ्यातही सरळ जायला लागेपर्यंत ती बाजूला ठेवावी.