छर्ऱ्याच्या बंदुकीला दुर्बीण

निलंग्याच्या शिवारात हरणं तुरीत घुसली, तरी 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे हौसेची शिकार बंदच. दुर्बिणीचा प्रश्न उरतो हौशी नेमबाजाच्या 4.5 मिमी एअर रायफलीपुरता. स्प्रिंगवाली रायफल दिसते गरीब, पण झटका दोनदा देते: आधी मागे, लगेच पुढे. या उलट्या झटक्याने काडतुसाच्या रायफलीसाठी बनवलेली भारीतली दुर्बीणही खिळखिळी होते. म्हणून एअर रायफलीसाठीचीच घ्यावी, 10 मीटरवर फोकस होणारी. माउंट 11 मिमी खाचेत बसणारा, एकसंध आणि अडवणारी पिन असलेला हवा. नाहीतर तो गुपचूप मागे सरकत राहतो. स्पर्धेत उतरायचं असेल तर मात्र हा खर्च वाचवा. कोल्हापूरच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं ते दुर्बिणीशिवाय, पीप साइटवर, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरून.