पडद्यावरचा उड्या मारणारा ठिपका

वसईतील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही परीक्षक म्हणून गेलो होतो. ज्वालामुखी, ठिबक सिंचन, सौर चूल अशा नेहमीच्या मांडणीत आठवीच्या एका मुलीने संगणक ठेवला होता. पडद्यावर एक चेंडू आणि एक फळी. फळी सरकवून चेंडू परतवायचा. ‘हा तर खेळ आहे, प्रयोग नव्हे,’ असे ठरवून आम्ही कमी गुण दिले. निकाल जाहीर झाल्यावर तिने विचारले, ‘सर, वेग वाढवला की चेंडू कधी कधी फळीतून आरपार जातो. असे का?’ उत्तराचा विचार करताना आमच्या लक्षात आले, की चूक आमच्या गुणपत्रिकेत होती.

कारण या खेळाचा पूर्वज प्रयोगशाळेतच जन्मला आहे. अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत दरवर्षी लोकांना आत येऊन पाहू देत. निश्चल उपकरणे पाहून लोक कंटाळतात, हे विल्यम हिगिनबोथम या भौतिकशास्त्रज्ञाला जाणवले. अणुबाँब प्रकल्पात काम केलेला हा माणूस पुढे अण्वस्त्रप्रसाराच्या विरोधात उभा राहिला. त्याच्या विभागात एक छोटा अनुरूप (अ‍ॅनालॉग) संगणक होता. प्रक्षेप्याचा मार्ग त्यावर कसा काढावा, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेले होते. हिगिनबोथमने तीच मांडणी घेऊन ऑक्टोबर १९५८ मध्ये ऑसिलोस्कोपच्या पाच इंची पडद्यावर टेनिस रचले. एक आडवी रेघ म्हणजे जमीन, एक उभी म्हणजे जाळे आणि एक तेजस्वी ठिपका म्हणजे चेंडू! लोकांनी रांगा लावल्या. पुढच्या वर्षी त्यात चंद्रावरच्या आणि गुरूवरच्या गुरुत्वाकर्षणात खेळण्याची सोय केली. नंतर सुटे भाग इतर कामांसाठी काढून घेतले. पेटंट घ्यावे असे त्याला वाटलेही नाही.

आपल्याकडे त्या वेळी काय चालले होते? आपल्याच लोकलच्या दुसऱ्या टोकाला, मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एक संगणक घडत होता. तो १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यालाही कॅथोड किरण नलिकेचा पडदा जोडलेला होता. त्यावर आलेख, अक्षरे आणि अंक उमटत. त्याच १९६२ साली अमेरिकेत एमआयटीच्या तरुणांनी तशाच पडद्यावर ‘स्पेसवॉर’ हा अवकाशयानांच्या लढाईचा खेळ लिहिला. पण ज्या संगणकावर तो चाले, त्याची किंमत सुमारे १ लाख २० हजार डॉलर होती. अशा यंत्रावर उद्योग उभा राहणे शक्य नव्हते.

उद्योगाला स्वस्त पडदा हवा होता. तो घराघरात आधीच आहे, हे राल्फ बेअर या अभियंत्याने १९६६ मध्ये ओळखले. दूरचित्रवाणी संच! त्याच्या कल्पनेवर आधारलेला ‘ओडिसी’ हा घरगुती खेळसंच १९७२ मध्ये विक्रीला आला. त्याच वर्षी अटारी कंपनीने ‘पाँग’ हे नाणे टाकून खेळायचे यंत्र आणले. ते घडवणाऱ्या अ‍ॅलन अल्कॉर्नने त्यात संगणक वापरलाच नव्हता. सारा खेळ तार्किक मंडलांच्या जोडणीतून चाले. मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. म्हणजे घरातल्या पडद्याचा खेळण्यासाठी उपयोग होऊ लागला, तेव्हा आपल्या भागात तो पडदाच नुकता येत होता. आपल्याकडे बुद्धी कमी होती असे नव्हे. बाजार उभा राहायला लागणारी वस्तू घरात नव्हती.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. हिगिनबोथमच्या खेळात चेंडूचे स्थान म्हणजे विद्युतदाब होता आणि तो सलग बदलत असे. आजचा संगणक मात्र चेंडू सरकवत नाही. तो जुन्या जागी पुसून थोडा पुढे पुन्हा काढतो. हे वर्गात चौकटीच्या वहीवर करून पाहता येईल. एका ओळीतील चौकटींना क्रमांक द्या. चौकटी १४ आणि १५ म्हणजे फळी. चेंडू पहिल्या चौकटीत ठेवा आणि दर वेळी ३ चौकटी पुढे न्या. तो १, ४, ७, १०, १३ आणि मग थेट १६ वर जाईल. फळी ओलांडली, पण फळीवर तो कधी आलाच नाही! आता सुरुवात दुसऱ्या चौकटीपासून करा : २, ५, ८, ११, १४. या वेळी तो अडला. ‘कधी कधी’चे उत्तर हेच. उडी फळीच्या जाडीपेक्षा मोठी असेल, तर अडणे सुरुवातीच्या जागेवर अवलंबून राहते. २-२ चौकटींची उडी घेतली, तर तो कुठूनही निघाला तरी अडतोच.

इथून पुढचा प्रश्न मुलांनाच काढू द्यावा. दर तासाला एकदाच तापमान नोंदवले, तर मधली कोणती घटना आपल्या नोंदीतून निसटेल? नोंदींतील अंतर घटनेच्या कालावधीपेक्षा मोठे असू नये, हा निरीक्षणशास्त्रातला महत्त्वाचा धडा आहे. तो त्या मुलीला खेळ रचताना भेटला होता.

निकाल बदलणे तेव्हा आमच्या हाती उरले नव्हते. पुढच्या प्रदर्शनात एखाद्या टेबलावर खेळ दिसला, तर ‘यात तुला काय अडले?’ एवढे विचारल्याशिवाय गुण देऊ नयेत, ही आमची शिक्षकमित्रांना विनंती.