निरोप योग्य ठिकाणी पोहोचावा म्हणून

इंटरल्युकिन-२ हे प्रथिन कर्करोगाची एकही पेशी स्वतः मारत नाही. त्याचं काम निरोप पोहोचवण्याचं. प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशीला शत्रूची ओळख पटली की ती हे प्रथिन सोडते आणि आसपासच्या टी-पेशी झपाट्याने वाढू लागतात. निरोप तेवढ्या परिसरापुरताच असतो आणि लवकर विरूनही जातो.

हाच निरोप बाहेरून दिला तर? अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत शल्यचिकित्सक स्टीव्हन रोझेनबर्ग याच प्रश्नामागे लागले होते. आधीच्या कितीतरी रुग्णांना गुण आला नव्हता. १९८४ मध्ये नौदलातली एक तरुणी त्यांच्याकडे आली. मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग तिच्या शरीरभर पसरला होता. प्रयोगशाळेत चेतवलेल्या तिच्याच पेशी आणि सोबत इंटरल्युकिन-२ची मोठी मात्रा दिल्यावर गाठी विरल्या, आणि पुढे कित्येक वर्षं ती कर्करोगमुक्त राहिली. १९९२ मध्ये पसरलेल्या मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी आणि १९९८ मध्ये मेलॅनोमासाठी या औषधाला मान्यता मिळाली.

रुग्णांना मात्र त्याची जबर किंमत मोजावी लागे. दर आठ तासांनी शिरेतून डोस. केशवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो, अंग सुजतं, फुफ्फुसांत पाणी साठतं, रक्तदाब कोसळतो. पुढचा डोस द्यायचा की थांबायचं, हे रक्तदाब आणि लघवीचं प्रमाण पाहून दर वेळी ठरवावं लागतं. एवढं सोसून शंभरातल्या पंधरा-सोळा जणांच्या गाठी आक्रसत. पूर्ण नाहीशा होत त्या सहा-सात जणांच्या. त्यांतले बरेच जण मात्र वर्षानुवर्षं बरे राहिले, म्हणून तर संशोधकांनी याचा नाद सोडला नाही.

शिवाय प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशीही हाच निरोप ऐकतात, तोही अगदी कमी मात्रेत. प्रथिनाची रचना बदलून त्यांना टाळण्याचा एक मोठा प्रयत्न २०२२ मध्ये अखेरच्या टप्प्यातल्या चाचण्यांत फसला.

मला वाटतं, मात्रेइतकाच जागेचाही विचार व्हायला हवा. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत मान्य झालेलं एक औषध याच कारणासाठी महत्त्वाचं आहे. ते इंटरल्युकिन-१५ या जवळच्या नात्यातल्या प्रथिनावर आधारलेलं आहे. बीसीजीला, म्हणजे क्षयाच्या लसीतल्या जिवाणूंच्या उपचाराला, दाद न देणाऱ्या मूत्राशयाच्या सुरुवातीच्या कर्करोगात ते बीसीजीसोबतच नळीने थेट मूत्राशयात सोडतात, दोन तास तिथेच ठेवतात. रक्तात ते फारसं उतरत नाही.