खारेपाटातील मोरस

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, पेणच्या अलीकडे, जिते नावाचे लहानसे स्थानक लागते. तेथून पश्चिमेस धरमतरच्या खाडीकडे जावे, तसतशी जमीन सपाट व खारट होत जाते. हाच पेण तालुक्याचा खारेपाट होय.

येथील बरीचशी भातशेती समुद्रापासून मिळविलेल्या जमिनीवर होते. भरतीचे पाणी अडविण्यासाठी शेतकऱ्यांनी मातीचे लांबच लांब बांध घातले. पावसाचे पाणी खाडीत सोडण्यासाठी त्यांत दारे ठेवली. त्यांना उघाडी म्हणतात. पावसाने मातीतील मीठ धुऊन निघाले, म्हणजे तेथे भात पिकते. परंतु उधाणाने बांधाला खांड गेली, की खारे पाणी शेतात शिरते आणि भाताची रोपे करपून जातात.

पाण्यात उभी असूनही ही रोपे तहानेने का मरावीत? कैरीच्या फोडींना मीठ लावले, की त्यांतील पाणी बाहेर येते, हे तुम्ही पाहिले असेल. खारट जमिनीत रोपाच्या मुळांना पाणी ओढून घेणे असेच कठीण होते. मात्र अशाच जमिनीत एक वनस्पती आनंदाने वाढते. तिचे नाव मोरस.

मोरसेची पाने बारीक, सुईसारखी लांबट, पण मांसल व रसाळ असतात. जून झाल्यावर ती तांबूस दिसू लागतात. ही वनस्पती मिठाशी भांडत नाही; ते पानांतील पेशींत साठवून ठेवते. त्यामुळे तिचा रस जमिनीतील पाण्याहून खारट होतो आणि पाणी आपोआप तिच्याकडे ओढले जाते.

किनाऱ्यावरील लोक तिचे कोवळे शेंडे खुडून आणतात. ते उकडून, पाणी पिळून टाकून, कांदा, लसूण व मिरची घालून त्यांची भाजी करतात. भाजीत वेगळे मीठ मात्र घालावे लागत नाही!

मोरस ही पालक, चाकवत आणि बीट यांच्याच कुळातील आहे. बीटाचे रानटी पूर्वजही युरोपच्या समुद्रकाठी उगवतात. माणसाने त्यांना परसबागेत आणले, निवडून निवडून वाढविले. पुढे 1747 साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ मार्गग्राफ यांनी बीटात साखर असल्याचे दाखवून दिले. गंमत अशी, की आपल्याकडे मॉरिशस बेटावरून येणाऱ्या साखरेलाही पूर्वी ‘मोरस’च म्हणत. एक मोरस गोड, तर दुसरी खारट!

आपली मोरस अजून रानातच राहिली आहे. कित्येक ठिकाणी भराव घालून खाजणे बुजविली गेली. त्यांबरोबर तिची जागाही गेली.

खारजमिनींच्या रक्षणासाठी 1948 साली मुंबई प्रांतात खास कायदा झाला. तरी बांधाकडे रोज पाहावे लागते ते शेतकऱ्यालाच. भाताच्या शेतात मोरस उगवू लागली, तर तेथे मीठ वाढले आहे, असे त्याने समजावे. तिचे शेंडे भाजीसाठी अवश्य खुडावेत. पण मग कुदळ घेऊन बांधावर जावे आणि खाडीचे पाणी कोठून आत येते, ते शोधावे.