द टोट : मेलबर्नकरांनी राखलेला पब

ऑस्ट्रेलियात नव्याने आलेल्या मराठी माणसाची ‘हॉटेल’ या शब्दाने हमखास गल्लत होते. आपल्याकडे हॉटेल म्हणजे मिसळ, भजी आणि कटिंग चहा. इथे कोपऱ्याकोपऱ्यावर ‘अमुक हॉटेल’ अशी जुनी पाटी दिसते आणि आत शिरलं की निघतो बार! पूर्वी दारूचा परवाना हवा असेल तर वाटसरूंसाठी राहायच्या खोल्याही ठेवाव्या लागत. त्यामुळे पबच्या नावात ‘हॉटेल’ आलं आणि खोल्या गेल्या तरी राहून गेलं.

मेलबर्नच्या कॉलिंगवुड भागात, जॉन्स्टन स्ट्रीट आणि वेलिंग्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर असंच एक जुनं दुमजली हॉटेल आहे. पूर्वी ते ‘आयव्हन्हो हॉटेल’ होतं, आता ‘द टोट’. १९८० च्या सुमारास तिथे बँड वाजायला लागले, ते आजही वाजताहेत. दिसायला काही खास नाही. काळपट भिंती, जुनी पोस्टरं आणि वर्षानुवर्षं सांडलेल्या बिअरमुळे बुटाला चिकटणारं कार्पेट. पण या पबसाठी हजारो माणसं रस्त्यावर उतरली, सरकारला नियम बदलावे लागले आणि शेवटी लोकांनी खिशातून पैसेही काढले.

आधी नावाची गोष्ट. टोट म्हणजे रेसच्या जुगाराची एक पद्धत. घोड्यांवर लागलेले सगळे पैसे एकत्र करायचे, आपली दलाली काढून घ्यायची आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटायचे. १८९३ मध्ये जॉन रेन नावाच्या कॉलिंगवुडच्याच तरुणाने याच जॉन्स्टन स्ट्रीटवर चहाच्या दुकानाआडून बेकायदा टोट सुरू केला. ते वर्ष मंदीचं. मेलबर्नमधल्या बँका धडाधड बंद पडत होत्या आणि कामगारवस्तीत लोकांच्या हाताला काम नव्हतं. मुंबईच्या गिरणगावाला जसा मटक्याचा नाद लागला, तसाच कॉलिंगवुडला टोटचा. १९०६ चा कडक कायदा येईपर्यंत हा धंदा चालला. पुढे रेन गडगंज झाला, राजकारणातही त्याचं वजन वाढलं. फ्रँक हार्डीने १९५० मध्ये त्याच्यावर बेतलेली ‘पॉवर विदाउट ग्लोरी’ ही कादंबरी काढली. त्यावरून हार्डीवर अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला झाला आणि १९५१ मध्ये तो निर्दोष सुटला. रेनचा अड्डा या पबात नव्हता, त्याच रस्त्यावर पुढे होता. तरी पबाखालून भुयारं जातात वगैरे दंतकथा आजही ऐकायला मिळतात.

आता पबमध्ये संगीत कुठून आलं? व्हिक्टोरिया राज्यात १९१६ पासून पब संध्याकाळी सहाला बंद करावे लागत. कामावरून सुटलेली माणसं तासाभरात मिळेल तेवढी बिअर घशात ओतून घरी जायची. गाणंबिणं ऐकायला वेळ कोणाला! १९६६ मध्ये हा नियम गेला, पब रात्री दहापर्यंत उघडे राहू लागले आणि लोकांना थांबवून ठेवायला मालकांनी बँड बोलवायला सुरुवात केली. सत्तरच्या दशकात ऑस्ट्रेलियाचं ‘पब रॉक’ असंच घडलं. नव्वदच्या दशकात मात्र व्हिक्टोरियातल्या पबमध्ये जुगाराची यंत्रं, म्हणजे इथल्या भाषेत ‘पोकीज’, आली. यंत्राला मानधन द्यावं लागत नाही आणि ते उशिराही येत नाही. अनेक ठिकाणी स्टेज गेलं आणि त्या जागी यंत्रं बसली. जुगाराचं नाव मिरवणारा टोट मात्र गाण्याला धरून राहिला.

खरी कसोटी आली २०१० मध्ये. रात्री उशिरापर्यंत बँड वाजवणारे पब परवाना विभागाने ‘जास्त धोक्या’च्या यादीत टाकले. यादीत आलात की फी वाढणार, दारावर सुरक्षारक्षक हवेत, कॅमेरे हवेत. पन्नास माणसं गाणं ऐकायला आली असली तरी! तेव्हा पब चालवणारे ब्रूस मिल्न यांनी जानेवारीत जाहीर केलं की हा खर्च आपल्याला झेपणार नाही, टोट बंद. काही दिवसांतच पबसमोरचा रस्ता माणसांनी भरून गेला.

२३ फेब्रुवारीला त्याहून मोठा मोर्चा निघाला. तारीख मुद्दाम निवडलेली होती. १९७६ मध्ये याच दिवशी एसी/डीसी बँडने स्वॉन्स्टन स्ट्रीटवर ट्रकच्या पाठीवर उभं राहून आपल्या गाण्याचं चित्रीकरण केलं होतं. स्टेट लायब्ररीपासून पार्लमेंटपर्यंत निघालेल्या या मोर्चातल्या गर्दीचे अंदाज दहा हजारांपासून वीस हजारांपर्यंत होते. निवडणुकीचं वर्ष, त्यामुळे सरकारही हललं. ‘लाइव्ह संगीत म्हणजे धोका’ हे समीकरण मागे घेण्यात आलं आणि जूनमध्ये नव्या चालकांच्या हाताखाली टोट पुन्हा उघडला.

पण यातून निघालेला पुढचा प्रश्न आपल्या माणसांच्या थेट कामाचा आहे. कॉलिंगवुडचे जुने कारखाने जाऊन तिथे फ्लॅटच्या इमारती उभ्या राहिल्या. गजबजलेला भाग आवडला म्हणून लोक महागडे फ्लॅट घेतात आणि महिन्याभरात पबच्या आवाजाची तक्रार करतात. २०१४ मध्ये व्हिक्टोरियाने यावर ‘एजंट ऑफ चेंज’ हे तत्त्व नियमात आणलं. मतलब सोपा : जो नंतर आला, त्याने खर्च सोसायचा. सध्याच्या संगीताच्या जागेपासून ५० मीटरच्या आत नवी घरं बांधायची तर आवाज अडवणाऱ्या काचा, भिंती बिल्डरने घालायच्या. उलट, वस्तीत नवा पब आला तर बंदोबस्त पबने करायचा. २०१८ मध्ये इंग्लंडनेही हे तत्त्व आपल्या नियोजन धोरणात घेतलं.

आपण मराठी माणसं तर जिथे जाऊ तिथे नंतरच आलेलो. फ्लॅट बघायला शनिवारी सकाळी अकराला जातो, तेव्हा सगळं शांत असतं. घर घ्यायच्या आधी एकदा शुक्रवारी रात्री दहाला त्या रस्त्यावर उभं राहून यावं. आवाज सोसणार नसेल तर दुसरं घर बघावं. गणपतीच्या ढोलाची सराव-जागा शोधताना आपल्याला शेजाऱ्यांची जी धास्ती असते, ती आठवली की पबवाल्याची बाजूही पटते.

२०२३ मध्ये चालकांनी टोट विकायला काढला. अशी कोपऱ्यावरची इमारत म्हणजे बिल्डरांना पर्वणीच. तेव्हा नॉर्थ मेलबर्नमध्ये ‘लास्ट चान्स रॉक अँड रोल बार’ चालवणारे शेन हिल्टन आणि लिअन चान्स पुढे आले. त्यांनी लोकांकडे ३० लाख डॉलर मागितले, उरलेली रक्कम आपण उभी करू म्हणाले. इमारत ट्रस्टमध्ये ठेवून तिथे कायम संगीतच चालेल, असा शब्द दिला. हजारो लोकांनी जमेल तसे पैसे दिले, आकडा पुरा झाला आणि टोट वाचला.

मोर्चाने नियम बदलतो, पण जागा विकली गेली की नियम काय कामाचा? म्हणून दोन्ही लागलं, आवाजही आणि पैसाही. परदेशात नाटकासाठी परवडणारा हॉल शोधून दमलेल्या आपल्या मंडळांना हे वेगळं सांगायला नको.

मेलबर्नला आलात तर ८६ नंबरच्या ट्रॅमने स्मिथ स्ट्रीटला उतरा, जॉन्स्टन स्ट्रीटवर वळलं की टोट चालत काही मिनिटांवर. बिअर घेतलीच पाहिजे असं नाही, तिकीट मात्र घ्या. आणि आई-बाबांना सोबत नेणार असाल तर कानात घालायला कापूस विसरू नका!